विश्लेषण : नागपूर सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात, तरी घर हलले तर पळायचे की थांबायचे?

४ डिसेंबर २०२४, बुधवार, सकाळचे ७ वाजून २७ मिनिटे. थंडीचे दिवस, त्यामुळे घरोघरी पंखे बंद. तरीही नागपुरात अनेकांना छताचा पंखा झुलताना दिसला, पलंग सरकल्यासारखा वाटला, बरणीतले पाणी हलले. पाच-दहा मिनिटांतच फ्लॅट स्कीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागला, ‘तुमच्याकडे पण हललं का?’ तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे ‘हो’ म्हणत होते, तळमजल्यावरच्यांना पत्ताही नव्हता. भूकंपाचे केंद्र तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात होते आणि त्याचा मोठेपणा ५.३ होता. नागपुरात नुकसान झाले नाही आणि दुपारपर्यंत विषय संपला. मात्र त्या काही सेकंदांत काय करायला हवे होते, हा प्रश्न तसाच राहिला. प्रतापनगरसारख्या वस्तीत, जिथे जुन्या प्लॉटवरच्या बैठ्या घरांच्या जागी चार-चार मजली स्कीम उभ्या राहिल्या आहेत, त्याचे उत्तर तीस वर्षांपूर्वीच्या उत्तरापेक्षा वेगळे आहे.

तेलंगणातला भूकंप नागपुरात का जाणवला?

मुलुगू ते नागपूर हे सरळ रेषेतले अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. एवढ्या लांबून धक्का पोहोचण्याची कारणे दोन. पहिले म्हणजे हा भूकंप जमिनीखाली सुमारे ४० किलोमीटर खोलीवर झाला. खोल भूकंपाची तीव्रता केंद्राजवळ तुलनेने कमी असते, पण तो पसरतो दूरवर. दुसरे कारण आपल्या पायाखालचे आहे. दख्खनचा भूभाग जुन्या, कठीण खडकाचा आहे आणि अशा खडकातून लहरी फारशा विरत नाहीत. पितळी घंटेवरचा टोला मातीच्या मडक्यावरच्या टोल्यापेक्षा जास्त वेळ आणि लांबवर ऐकू येतो, तसेच हे.

वरच्या मजल्यावर जाणवले आणि खाली नाही, यातही गूढ काही नाही. दूरवरून आलेल्या लहरींत झटका कमी आणि संथ हेलकावा जास्त असतो. उंच इमारत या हेलकाव्याला साथ देते, बैठे घर देत नाही. वरच्या मजल्यावर भीती जास्त वाटते, पण तेवढ्यावरून इमारत धोक्यात आहे असे समजायचे कारण नाही.

नागपूरच्या आसपास भूकंपाची दोन ठिकाणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. दक्षिणेला गोदावरीचे खोरे. मुलुगूचा धक्का तिथलाच आणि १९६९ मध्ये भद्राचलमला ५.७ चा भूकंप झाला तोही तिथलाच. उत्तरेला नर्मदा-सोन पट्टा. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरजवळ ५.८ चा भूकंप झाला, सुमारे चाळीस माणसे दगावली आणि त्याचा धक्का नागपूरलाही बसला. जबलपूर इथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्याही आत आहे. मे २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातच सलग तीन दिवस अगदी सौम्य, तीनच्या आतल्या धक्क्यांची नोंद झाली. ते खरे भूकंप की खाणीतले स्फोट, अशी चर्चाही तेव्हा रंगली. एवढे लहान धक्के घराला काही करत नाहीत.

‘झोन २’ म्हणजे भूकंप येणारच नाही असे का?

नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत देशाचे चार झोन आहेत, दोन ते पाच. नागपूर झोन २ मध्ये, म्हणजे सर्वात कमी धोक्याच्या गटात येते. मुंबई झोन ३ मध्ये, कोयना झोन ४ मध्ये आणि कच्छ झोन ५ मध्ये आहे.

पूर्वी झोन १ सुद्धा होता. भूकंपाची जवळजवळ शक्यता नाही अशा भागांसाठी तो होता आणि त्यातच लातूर जिल्ह्यातील किल्लारी होते. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथे ६.२ चा भूकंप झाला. शासकीय आकड्यानुसार सुमारे आठ हजार, इतर नोंदींनुसार दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. बावन्न गावे नव्याने वसवावी लागली. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला तेव्हा झोन १ काढूनच टाकण्यात आला आणि लातूरचा हा भाग झोन ३ मध्ये गेला.

याचा अर्थ उद्या नागपूरचे किल्लारी होईल असा मुळीच नाही. मोठेपणा एक अंकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. त्या हिशेबाने किल्लारीचा भूकंप मुलुगूच्या वीसपटीहून मोठा होता, शिवाय तो उथळ होता आणि ऐन गावांखाली होता. नागपूरसाठी वास्तववादी धोका आहे तो मध्यम भूकंपाचा, बहुधा दूरवरच्या. अशा भूकंपात इमारती कोसळण्यापेक्षा वस्तू पडून, काचा फुटून आणि माणसे जिन्यात एकमेकांवर पडून जखमी होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. बचावाचा विचार इथूनच सुरू करायला हवा.

हलायला लागल्यावर पहिल्या क्षणी काय करायचे?

आहात तिथेच थांबा, खाली बसा, डोके आणि मान झाका, आधार घट्ट धरा. जवळ भक्कम टेबल असेल तर त्याखाली शिरा आणि त्याचा पाय धरून ठेवा, कारण धक्क्याने टेबल सरकते आणि आपण उघड्यावर येतो. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी, खिडकीपासून दूर, गुडघ्यांवर बसा आणि दोन्ही हातांनी मान झाका. उशी, दप्तर, जाडजूड पिशवी, जे हाताला लागेल ते डोक्यावर धरा. हे सगळे दोन-तीन पावलांच्या आत व्हायला हवे. पलीकडच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलापर्यंत धावत जाणे हा बचाव नव्हे.

खाली बसण्याचा सल्ला अनेकांना पटत नाही. मोठ्या धक्क्यात मात्र उभ्या माणसाला स्वतःचा तोल सावरता येत नाही आणि पडण्यातच हाड मोडते. आपणहून खाली बसलेला माणूस पडत नाही.

स्वयंपाकघरात असाल आणि गॅसची शेगडी हाताशी असेल तर बटण बंद करून लगेच बाजूला व्हा. हात पोहोचत नसेल तर त्यासाठी थांबू नका. उकळते तेल, कुकर, चहाचे आधण यांच्यापासून दूर होणे महत्त्वाचे. अंघोळीला असाल तर तिथेच थांबा, पण गिझर आणि आरशाखालून सरका. लिफ्टमध्ये असाल तर सगळ्या मजल्यांची बटणे दाबा आणि दार उघडेल तिथे बाहेर पडा. धक्का सुरू झाल्यावर लिफ्टमध्ये शिरू तर नकाच.

गुडघेदुखीमुळे ज्यांना खाली बसता येत नाही, त्यांच्यासाठी नियम थोडा बदलतो. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला या भागांत आई-वडील दोघेच राहतात आणि मुले पुण्याला किंवा परदेशी, अशी घरे कमी नाहीत. अशांनी खुर्चीत किंवा पलंगाच्या कडेला बसून पुढे वाकावे आणि उशीने डोके-मान झाकावी. चाकांची खुर्ची असेल तर आधी तिचा ब्रेक लावावा. वॉकर सोडून जिन्याकडे निघणे, हे त्या वेळचे सर्वात धोक्याचे पाऊल.

दाराच्या चौकटीत उभे राहावे, हा जुना सल्ला आता सोडून द्यायला हवा. मातीच्या घरांत जाड लाकडी चौकट भिंतीपेक्षा भक्कम असायची, तेव्हा तो ठीक होता. आजच्या फ्लॅटमधली चौकट भिंतीला जोडलेली पातळ पट्टी असते आणि धक्क्यात दार जोरात आपटून बोटे चेचते ती वेगळीच.

मग बाहेर पळायचेच नाही का?

चार मजली स्कीमच्या वरच्या मजल्यावरून नाही. बहुतेक भूकंपांत जोराचा हादरा काही सेकंदांचा, फार तर मिनिटभराचा असतो. तिसऱ्या मजल्यावरून दार उघडून, चपला शोधून, जिना उतरून खाली येईपर्यंत तो संपलेला असतो. म्हणजे धावणारा माणूस त्या सेकंदांत नेमका जिन्यात किंवा इमारतीच्या पायथ्याशी असतो, आणि या दोन्ही जागा वाईट. जिना मुख्य इमारतीपेक्षा वेगळ्या तालात हलतो, त्यात अंधार आणि गर्दी. पायथ्याशी तर वरून कुंड्या, काचा, सज्जाचे पोपडे आणि नागपूरच्या बाबतीत कूलर पडू शकतात.

याला अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तळमजल्यावर दाराशेजारीच असाल, दोन-चार पावलांत उघड्यावर पोहोचता येत असेल आणि वरून काही पडणार नसेल तर बाहेर जा. घर दगड-मातीचे किंवा मोडकळीला आलेले असेल तर बाहेर पडण्याचा प्रयत्न करायलाच हवा. किल्लारीत माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या टनावारी मातीखाली. अशा घरात टेबलाचा उपयोग नाही. विदर्भातल्या गावाकडच्या जुन्या घरांना आणि शहरातल्या जुन्या वाड्यांना हेच लागू होते. आजोळच्या घरात वेगळा नियम आणि फ्लॅटमध्ये वेगळा, हे मुलांनाही समजावून सांगता येते.

रस्त्यावर असाल तर गाडी कडेला घेऊन थांबा. झाड, विजेची डीपी, होर्डिंग आणि पूल यांच्याखाली मात्र नको. वर्धा मार्गावरच्या दुमजली पुलावर असाल तर एकदम ब्रेक न मारता वेग कमी करून पूल ओलांडा.

रात्री झोपेत असताना?

महाराष्ट्र आणि शेजारच्या तीन मोठ्या भूकंपांची वेळ पाहा. कोयना, ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या पुढे. किल्लारी, पहाटे चारला चार मिनिटे कमी. जबलपूर, पहाटे साडेचारच्या आत. हा केवळ योगायोग आहे, भूकंपाला घड्याळ कळत नाही. पण तिन्ही वेळा लोक अंथरुणात होते, म्हणून घरातली सर्वात आधी तपासायची जागा म्हणजे झोपायची जागा.

झोपेतून जाग येताच पलंगावरून उतरू नका. पालथे व्हा, उशी डोक्यावर आणि मानेवर घ्या, तसेच पडून राहा. अंधारात उठून चालणाऱ्यांचे पाय फुटलेल्या काचेने कापतात, ही जगभरातल्या भूकंपांनंतरची नेहमीची जखम. म्हणून चपला आणि एक बॅटरी पलंगालगत ठेवण्याची सवय लावावी. पण हे सगळे तेव्हाच उपयोगी, जेव्हा पलंगावर काही पडणार नाही. उशाच्या वरच्या भिंतीत खिळ्याला टांगलेली जड तसबीर, पुस्तकांची फळी, एसीचे यंत्र, पायथ्याशी उभे लोखंडी कपाट आणि त्यावर ठेवलेल्या दोन बॅगा. बहुतेक बेडरूममध्ये यातले दोन तरी असतात. पलंग सरकवायला खर्च येत नाही.

घरात पडण्यासारखे काय काय असते?

नागपुरात या यादीत पहिले नाव कूलरचे. मार्च लागला की खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर डेझर्ट कूलर चढतो. टाकीत पाणी भरल्यावर त्याचे वजन शंभर किलोच्या आसपास सहज जाते. स्टँडचे पाय सज्जावर नुसते टेकवलेले, एखादी तार खिडकीच्या जाळीला बांधलेली आणि सज्जाच्या कडेला वर्षानुवर्षे पाणी झिरपून गंजलेली सळई. भूकंप सोडा, जोराच्या वावटळीतही हे पडू शकते. खालून पार्किंगकडे जाणारा रस्ता असतो. स्टँड भिंतीत बोल्टने बसवणे आणि पावसाळ्यात कूलर उतरवून ठेवणे, एवढे केले तरी स्कीममधल्या सगळ्यांचा धोका कमी होतो. आपला कूलर आपल्यावर पडत नाही, तो खालच्यावर पडतो. त्यामुळे हा विषय सोसायटीच्या बैठकीतच निघायला हवा.

उंच कपाटे आणि फ्रिजच्या मागे भिंतीत एल आकाराची पट्टी आणि दोन स्क्रू पुरतात. कपाटात जड वस्तू खाली, हलक्या वर. स्वयंपाकघरातल्या माळ्यावर पितळी भांडी, जुना मिक्सर आणि दिवाळीचे मोठे डबे असतात. त्यांच्या बरोबर खाली ओट्याशी दिवसातले चार तास कुणीतरी उभे असते. गॅस सिलिंडर आडवा होणार नाही असा कोपऱ्यात किंवा साखळीने बांधून ठेवावा. देवघरातली समई तेवती ठेवून झोपण्याची सवय असेल तर तिच्याजवळ पडदा आणि कापूस नको, कारण भूकंपानंतर अशा छोट्या ज्योतीपासूनही आग लागू शकते.

गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाक्या विटांच्या चौथऱ्यावर नुसत्या ठेवलेल्या असतात. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन पाणी. ती कठड्याच्या कडेला असेल तर आत, खांबांच्या रेषेवर आणावी.

इमारतीचे काय? पार्किंगचे खांब का महत्त्वाचे?

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये ७.७ चा भूकंप झाला. केंद्रापासून अहमदाबाद सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर दूर. तरीही तिथे अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे गेली. त्यातल्या बऱ्याच इमारतींत एक गोष्ट समान होती, तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती, त्यामुळे तो भाग पेटीसारखा ताठ. खाली नुसते खांब. इमारत हलली की सगळी वाक त्या खांबांतच येते आणि वरची पेटी तशीच्या तशी खाली बसते. अभियंते याला मऊ मजला म्हणतात.

प्रतापनगर, गोपालनगर, स्वावलंबीनगर, दीनदयालनगर भागातून चक्कर मारली तर चार मजली, खाली पार्किंग अशी रचना घरोघरी दिसते. नागपुरात अहमदाबादसारखा प्रसंग येण्याची शक्यता कमी, कारण इथे एवढ्या मोठ्या भूकंपाची अपेक्षा नाही. पण एक फरक नागपूरच्या विरोधातही जातो. धक्का सोसताना खांब न तुटता वाकावा यासाठी सळई आणि रिंगांची विशेष बांधणी सांगणारे आयएस १३९२० हे मानक झोन ३ पासून पुढे बंधनकारक आहे. झोन २ मध्ये तशी सक्ती नाही. बिल्डरने ते पाळले तर चांगलेच. नवा फ्लॅट घेणाऱ्याने टाइल्स आणि मॉड्युलर किचनच्या चौकशीबरोबर हा एक प्रश्न संरचना अभियंत्याला विचारावा. रिंगांची टोके काटकोनात सोडली आहेत की १३५ अंशांत आत वळवली आहेत, हे स्लॅब पडण्याआधी डोळ्यांनी दिसते. नंतर ते सिमेंटमध्ये गाडले जाते.

उभ्या असलेल्या इमारतीत काय करता येते? पार्किंगमधल्या खांबाचा कोपरा फोडून पाण्याची पाइप नेलेली असेल, खांबाच्या तळाशी गंजाचे डाग आणि फुगलेले काँक्रीट असेल, तर ते दुरुस्त करून घेणे पहिले. दुकान काढण्यासाठी किंवा गाडी वळवायला जागा हवी म्हणून पार्किंगमधली भिंत किंवा खांब कुणी तोडत असेल तर ते थांबवणे दुसरे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे महाराष्ट्र महापालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार मालकांची जबाबदारी आहे. नव्वदच्या दशकात बांधलेल्या स्कीम आता या वयाला पोहोचल्या आहेत. ऑडिटचा खर्च वाटून घ्यायचा म्हटले की बैठकीत शांतता पसरते. रंगरंगोटीला मात्र वर्गणी जमते.

हादरा थांबल्यावर पहिली दहा मिनिटे

थांबला म्हणजे संपला असे नाही. मोठ्या धक्क्यानंतर छोटे धक्के येत राहतात, कधी मोठाही येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कीत ७.८ च्या भूकंपानंतर नऊ तासांनी ७.५ चा दुसरा आला.

आधी स्वतःला आणि घरातल्यांना जखम आहे का पाहा. चपला घाला. गॅसचा रेग्युलेटर बंद करा आणि वास घ्या. वास येत असेल तर खिडक्या उघडा, दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीही करू नका, काडी ओढू नका आणि बाहेर जाऊन मग फोन करा. वास नसेल तर मुख्य स्विच पाडा, इन्व्हर्टरही बंद करा. तो विसरला जातो आणि वीज गेली असे समजून लोक तुटलेल्या वायरला हात लावतात. मग जिन्याने, भिंतीकडेने, लिफ्ट टाळून खाली उतरा.

खाली येऊन कुठे थांबायचे, हे आधी ठरवलेले बरे. दोन चार मजली स्कीमच्या मधला रिकामा प्लॉट मोकळा दिसतो, पण दोन्हीकडून काही पडले तर तो सुरक्षित नाही. आवारभिंतीला टेकून उभे राहणे तर टाळाच, नुसत्या विटांच्या अशा भिंती सर्वात आधी आडव्या होतात. जवळची बाग किंवा मैदान आज चालत जाऊन पाहून ठेवावे आणि घरातल्यांची भेटायची जागा तीच ठेवावी. मुले शाळेत किंवा अभ्यासिकेत असतील तर त्यांना घ्यायला सगळ्यांनी एकाच वेळी गाड्या काढल्या की रुग्णवाहिका अडकते. शाळा मुलांना मैदानात कुठे थांबवते, ते शिक्षकांना आधीच विचारून ठेवलेले असेल तर ही धावपळ वाचते.

कुणी ढिगाऱ्याखाली अडकले असेल तर अडकलेल्याने ओरडत राहू नये, धूळ छातीत जाते आणि आवाज बसतो. तोंडावर रुमाल धरून पाइपवर किंवा भिंतीवर ठरावीक अंतराने ठोके द्यावेत. शोधपथके असेच आवाज ऐकत असतात.

भेग दिसली तर घाबरायचे का?

पश्चिम आणि दक्षिण नागपुरातल्या अनेक घरांना भूकंपाशिवायही भेगा आहेत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्याबरोबर पाया आणि भिंती हलतात. त्यामुळे धक्क्यानंतर दिसलेली भेग नवी की जुनी, हे कुणालाच सांगता येत नाही आणि अर्धी इमारत उगाच रात्र रस्त्यावर काढते. यावर उपाय खिशात आहे. घरातल्या आणि पार्किंगमधल्या सगळ्या भेगांचे फोटो आज, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे धरून काढून ठेवा. तारीख फोन आपोआप नोंदवतो.

प्लास्टरमधल्या केसासारख्या भेगा किंवा भिंत आणि बीम यांच्या सांध्यावरची सरळ रेघ ही बहुतेक वेळा वरवरची असते. खांबावरची तिरपी भेग, खांब आणि बीमच्या जोडावर सुटलेले काँक्रीट, उघडी पडून वाकलेली सळई, भिंतीवर फुलीच्या आकाराच्या रुंद भेगा, अचानक न लागणारी दारे किंवा एका बाजूला कललेला मजला, यातले काहीही दिसले तर आत जाऊ नका. सामान आणायलाही नाही. संरचना अभियंत्याने पाहून सांगेपर्यंत इमारत बंद समजा.

मोबाइल किती कामाचा?

भूकंप कधी होणार हे आधी सांगण्याची पद्धत जगात कुठेही नाही. ‘आज रात्री दोन वाजता मोठा धक्का, नासाचा इशारा’ असा संदेश आला तर तो खोटा आहे हे न तपासता म्हणता येते. झालेल्या भूकंपाची खरी माहिती राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र काही मिनिटांत जाहीर करते. त्याचे ‘भूकॅम्प’ हे ॲपही आहे.

झाल्यानंतर आणि पोहोचण्याआधी मात्र थोडा वेळ मिळू शकतो. भूकंपाच्या पहिल्या लहरी वेगवान पण सौम्य असतात, नुकसान करणाऱ्या लहरी मागून येतात. मुलुगूच्या अंतरावरून पहिल्या लहरींना नागपूर गाठायला साधारण पन्नास सेकंद आणि दुसऱ्यांना दीड मिनिटाच्या आसपास लागते. गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासोबत भारतात सुरू केलेली अँड्रॉइडवरची सूचना याच फरकावर चालते. केंद्राजवळचे फोन कंपन ओळखतात आणि दूरच्या फोनला संदेश जातो. सेटिंग्जमध्ये ‘सुरक्षितता आणि आपत्कालीन’ या भागात ‘भूकंपाच्या सूचना’ चालू आहेत का पाहा. केंद्र जवळ असेल तर हा वेळ मिळत नाही. मिळाला तर तो खाली बसून डोके झाकण्यासाठी वापरायचा, व्हिडिओ काढण्यासाठी नाही.

भूकंपानंतर फोन लागत नाहीत. छोटा मेसेज जातो. सगळ्या नातेवाइकांना फोन करण्यापेक्षा बाहेरगावच्या एकाच नातेवाइकाला ‘सुखरूप’ कळवायचे आणि बाकीच्यांनी त्यालाच विचारायचे, असे घरात आधीच ठरवावे. सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले तेव्हाही हेच कामाला आले असते. त्या रात्रीसाठी जी पिशवी हवी होती तीच भूकंपालाही चालते. पाणी, सुका खाऊ, बॅटरी, शिट्टी, पॉवर बँक, आठवड्याची औषधे आणि त्यांची चिठ्ठी, कागदपत्रांच्या प्रती, थोडी रोख रक्कम आणि चष्म्याचा जुना जोड.

मदत कोण करणार?

या बाबतीत नागपूर नशीबवान आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथे आहे. १९५७ पासून नागरी संरक्षणाचे प्रशिक्षण इथे दिले जाते आणि ते देणाऱ्या संस्थेतून पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी उभी राहिली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडीही शहरात आहे. २०२३ मध्ये तुर्कीतील नुरदागी येथे ढिगाऱ्यातून सहा वर्षांच्या मुलीला जिवंत काढणारे जवान याच राष्ट्रीय दलाचे होते.

तरीही कुठल्याही भूकंपात पहिल्या तासात माणसे बाहेर काढतात ते शेजारी. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा रात्री श्रवणयंत्र काढून झोपतात, दुसऱ्या मजल्यावर ऑक्सिजनचे यंत्र आहे, तळमजल्यावर गरोदर मुलगी माहेरी आली आहे, हे पथकाला माहीत नसते, स्कीममधल्यांना असते. कोण कुणाचे दार वाजवणार, एवढे ठरवून ठेवले तरी अर्धे काम होते. सोबत क्रमांक हवेत. आपत्कालीन मदतीसाठी ११२, अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७ आणि गॅस गळतीसाठी १९०६. लिफ्टशेजारच्या फलकावर, देखभाल वर्गणी थकलेल्यांच्या यादीच्या वर, एवढी जागा असतेच.